दाबली की बसते

स्नेहल ही माझी पहिली नात. तिचं बारसं झालं त्याच महिन्यात, म्हणजे दोन हजार दहाच्या जानेवारीत, माझ्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. पाळण्याचे फुगे अजून उतरवायचे होते.

मला काहीएक होत नव्हतं. माझा मुलगा नितीन चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीने त्या साली कामगारांच्या आईवडिलांची तपासणी फुकट ठेवली होती. साठीच्या आसपासच्या माणसांची आतडी दुर्बिणीतून बघायची, असं त्यात होतं.

"तात्या, फुकट हाय," नितीन म्हणाला.

"फुकट हाय म्हणून कुणाला कुठनं पण बगू द्यायचं का?"

पण तोवर सून उज्ज्वलाने माझी पिशवी भरली होती. पुण्याला गेलो.

आदल्या दिवशी पुड्या कालवलेलं पाणी पिऊन पोट साफ करायचं होतं. पाच तांबे प्यालो. मी जातीने आणि धंद्याने खाटीक. बोकडाची वजडी आम्ही पाणी घालून घालून धुतो, तशी त्यांनी माझी आतडी माझ्याकडूनच धुऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी मला गुंगीचं औषध दिलं. जागा झालो तर एक तरुण डॉक्टर उशाशी उभा होता.

"बाबा, आतड्यात एक गाठ दिसली. छोटा तुकडा तपासायला पाठवलाय. आठ दिवसांनी या. काळजी करू नका."

काळजी करू नका, असं तो तीनदा म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर मी केली नसती. त्याने हातात कागद दिला. त्यावर गाठीचे चार रंगीत फोटो होते. जन्मभर दुसऱ्याची आतडी हाताळली, पण स्वतःचं आतडं बघायचा धीर झाला नाही. मजकूर इंग्रजीत होता, आणि मला तेव्हा मराठी अक्षरही येत नव्हतं. त्यामुळे कागद उलटा काय नि सुलटा काय. घडी घालून पिशवीत टाकला.

आमचं गाव दहिवडीच्या वाटेवर आहे. मी एसटीतून उतरायच्या आधी बातमी उतरली होती. सलूनवाला दत्तू हातातली दाढी तशीच टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "गेनूतात्या, असं कसं झालं?" मी म्हणालो, "मला ठाव न्हाई, मी झोपलो होतो."

आता दादाचं सांगितलं पाहिजे.

म्हसू माझा सख्खा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. बाजारपेठेत रस्त्याच्या एका अंगाला त्याचं मटणाचं दुकान, दुसऱ्या अंगाला माझं, समोरासमोर. तो सत्तूर उचलायचा तेव्हा मला दिसायचा, मी उचलायचो तेव्हा त्याला. आणि बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याच्याकडची कलेजी संपली की तो गिऱ्हाइकाला हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवायचा. माझ्याकडचे पाय संपले की मीही तेच करायचो. एवढंच दळणवळण.

कारण जत्रेचं होतं. चैत्रात आमच्या जानुबाईची जत्रा असते. देवीपुढचा पहिला बोकड आमच्या घरातल्या थोरल्या पुरुषाने कापायचा, हा मान आजोबांच्याही आधीपासूनचा. त्याला वेगळा सुरा. तो वर्षभर फडक्यात गुंडाळलेला असतो, दुसऱ्या कामाला लावत नाहीत. वडिलांनंतर सुरा आणि मान दादाकडे आला. अठ्ठ्याण्णव सालच्या जत्रेला गजरा वहिनी फलटणच्या दवाखान्यात होती. दादा तिला घेऊन सकाळी दहापर्यंत येणार होता. निघताना सुरा माझ्याकडे सांभाळायला देऊन गेला. साडेअकरा झाले. ऊन डोक्यावर आलं. बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या, गुरव सारखा माझ्याकडे बघतोय. मी फडकं सोडून सुरा काढला आणि बोकड कापला. पाऊण तासाने दादा आला. एसटी पंक्चर झाली होती.

"थांबता आलं न्हाई?" तो म्हणाला.

"लोकं उभी होती, दादा."

त्याने माझ्या हातातला सुरा घेतला, देवीच्या पाण्याने धुतला, फडक्यात गुंडाळला आणि घरी गेला. त्यानंतर बारा वर्षं काही बोलला नाही. मधल्या काळात माझी बायको वारली. तेव्हा तो आला, खांदा दिला, आणि न बोलता परत गेला.

तर पुण्याहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ओसरीत खाटेवर पडलो होतो. पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला. दादा चपला काढताना आधी डावी झटकतो. मी न बघता ओळखलं.

तो आत आला. उभाच राहिला. उज्ज्वलाने पाण्याचा तांब्या दिला, तो त्याने घेतला.

"काय म्हनतोय ह्यो?" त्याने तिला विचारलं.

"आबा, तात्या जागेच आहेत. त्यांनाच विचारा की."

दादाने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग खाटेच्या पायाकडे बघून म्हणाला, "दुखतंय का?"

"न्हाई."

"रगात?"

"न्हाई."

"मग कशाला गेलतास?"

"फुकट होतं."

"हं." त्याने हात पुढे केला. "कागद दाव."

दादालाही अक्षर येत नव्हतं. उज्ज्वलाने कागद आणून दिला. तो कागद घेऊन अंगणात उन्हात गेला, हात लांब करून फोटो बघत राहिला. मी खाटेवरून त्याचं तोंड बघत होतो. दादाच्या तोंडावर काही दिसत नसे. बोकडालाही शेवटपर्यंत पत्ता लागत नसे. त्याने कागदाची होती तशी घडी घातली आणि परत आणून दिली.

"खायाचं काय सांगितलंय?"

"काय पण खा म्हणले."

"चरबी बंद कर," दादा म्हणाला, आणि गेला.

बारा वर्षांनी भाऊ बोलला ते एवढंच. तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. उज्ज्वला बाळाला घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चांगली पोर आहे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दादा परत आला. हातात डबा. वहिनीने केलेलं मटण, पण असं मटण मी जन्मात खाल्लं नव्हतं. औषधाला म्हणून चरबी नाही. आमच्या घरात बोकड घेताना शेपटीकडची चरबी आधी चाचपतात. चरबीशिवाय मटण म्हणजे दोरी, असं दादाच गिऱ्हाइकांना सांगायचा. मला वाटलं, बारा वर्षांत हात आखडला.

"ह्ये काय दादा? चव कुठाय?"

"चव सोडायची आता," तो म्हणाला. मी खाऊन होईपर्यंत तो बसून राहिला. मग डबा घेऊन गेला.

तो रोज येऊ लागला. माझं दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी त्याने उज्ज्वलाकडून किल्ली घेतली. आधी स्वतःच्या दुकानात कापायचा, मग रस्ता ओलांडून माझ्या. माझी गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून. हे मला दत्तूने येऊन सांगितलं. तो असंही म्हणाला की तुमच्या ठोकळ्यावर त्यांचा सत्तूर जरा जास्त खोल जातो. मला झोप आली नाही, पण ती काही गाठीमुळे नव्हे.

आठव्या दिवशी नितीनबरोबर पुण्याला गेलो. या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा कपाळावर, हातात तोच कागद.

"चरबीची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "साधी चरबी. कॅन्सर नाही, पुढे होणारही नाही. लहान आहे, काढायचीसुद्धा गरज नाही. राहू द्या तिथेच."

"तुम्हाला कसं कळलं चरबीच हाय?"

"तुकडा तपासला ना. पण मला बघतानाच वाटलं होतं. पिवळी असते, वरून गुळगुळीत. चिमट्याने दाबली की उशीसारखी आत बसते, सोडली की परत वर येते."

हे ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडील आम्हा दोघा भावांना वजडी धुवायला बसवायचे. आतड्यावर गाठ लागली की हाक मारायची. ते आमचं बोट धरून त्या गाठीवर दाबायचे. "दाबली की बसती, सोडली की उठती, ती चरबी. तिला भ्यायचं न्हाई. दाबली तरी बसत न्हाई, ती फेकून द्यायची, कुत्र्याला पण घालायची न्हाई." आमचं वैद्यकीय शिक्षण एवढंच. बाईंचंही तेच निघालं. त्यांना जास्त वर्षं लागली असतील.

"म्हंजे मी मरत न्हाई?"

"मरणार की," बाई म्हणाल्या. "पण याने नाही."

नितीनने बाहेर येऊन पेढे घेतले. मी त्याला ते पिशवीत तळाला ठेवायला लावले.

"घरी उज्ज्वलाला सांग. बाकी कुणाला सांगायचं न्हाई," मी म्हणालो.

"का?"

"उद्या दादा यायचा बंद हुईल."

परतीच्या एसटीत नितीन खिडकीशी बसला. सासवड गेलं. मग म्हणाला, "तात्या, म्हणजे आबांशी खोटं बोलायचं?"

"बोलायचं काय न्हाई. गप बसायचं. आमच्यात त्याची सवय हाय."

दादाने फोटो बघितला होता, हे मला आठवत होतं. पण फोटोवर बोट दाबून काही कळत नाही, असं मी धरून चाललो.

घरी उज्ज्वलाने सगळं ऐकून घेतलं. ती डी.एड. झालेली होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघायचं नाही. पाटी घ्यायची." मला दुसरा उद्योग नव्हता. स्नेहल पाळण्यात, मी खाटेवर, आणि मधे पाटी. दादाची चप्पल वाजली की पाटी उशीखाली. फेब्रुवारीत मी स्वतःचं नाव काढलं, मार्चमध्ये दादाचं.

आजारी पडून राहणं सोपं नसतं. गाव भेटायला येतं. एक म्हातारी माझ्या पायाला हात लावून रडली, तिला मी नीटसा ओळखतही नव्हतो. सरपंच येऊन म्हणाले, माणूस मोठा होता. मी म्हणालो, हाय अजून. सगळे येताना काहीतरी खायला आणायचे. त्यात दादाचा डबा रोजचा. दोन महिन्यांत माझी बंडी पाठीत उसवली.

एकदा दादा डबा उघडता उघडता थांबला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"जाड दिसतोयस."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"सूज आली आसंल," दादा म्हणाला, आणि रस्सा वाढला.

आम्ही काय बोलायचो? लोणंदच्या बाजारात बोकडं कशी आली. कुणाच्या करडाला जुलाब लागले. वडील कसे वारले, कुठल्या कुशीवर होते. एक दिवस त्याने माझ्या बायकोचं नाव काढलं. तिच्या हातची खर्डा-भाकर आठवतीया, म्हणाला. जत्रेचं मात्र दोघांनीही काढलं नाही.

रोज तो पायरी उतरून गेला की ठरवायचो, उद्या सांगायचं. रोज साडेदहाला चप्पल वाजली की वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे. सांगितलं तर तो उठून जाणार आणि पुन्हा बारा वर्षं. त्याला तेव्हा सत्तरावं लागलं होतं. आणखी बारा वर्षं आमच्याकडे होती का, हे कुठल्या दुर्बिणीत दिसत नव्हतं.

चैत्र आला. जत्रेच्या सकाळी दादा स्वतः मला न्यायला आला. देवळापुढे पिंपरणीच्या झाडाखाली माझ्यासाठी खुर्ची टाकली होती. मी तिच्यावर घोंगडी पांघरून बसलो. चैत्राचं ऊन, अंगावर घोंगडी. घाम गळत होता आणि लोक हळहळत होते.

गुरवाने हळद-कुंकू लावलं. बोकड उभा केला. दादाने फडकं सोडून सुरा काढला, कपाळाला लावला आणि देवीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळला. माझ्याकडे आला.

"औंदाचा मान गेनूचा," तो गुरवाला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याचं काय खरं न्हाई. पुढच्या जत्रंला असंल नसंल."

ताटं घेऊन उभ्या बायकांपैकी कुणीतरी डोळ्याला पदर लावला. मी उठलो. घोंगडी खाली पडली.

ज्या गोष्टीसाठी बारा वर्षं गेली, ती तो मला माझ्या मरणाच्या नावाने देत होता. आणि मी मरत नव्हतो. घेतली तर देवीपुढे चोरी. नाही घेतली तर का, ते सांगावं लागणार.

"दादा, मला तुला एक सांगायचंय," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"मागनं सांग."

"आत्ताच सांगतो. त्या गाठीचं."

दादाने सुऱ्याची मूठ माझ्या हातात दिली आणि माझं मनगट वरून धरलं. वडील शिकवताना धरायचे तसं, अंगठा नाडीवर.

"गेन्या," तो म्हणाला, "लोकं उभी हायती."

मी त्याच्याकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं.

मी मान पार पाडला. एका घावात झालं. हात गेला नव्हता. दादाने सुरा घेतला, देवीच्या पाण्याने धुतला, फडक्यात गुंडाळला. या वेळी घरी गेला नाही. माझ्या शेजारी पंगतीत बसला, आणि माझ्या पानातला चरबीचा तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

जत्रेनंतर मी हळूहळू बरा झालो. कुणीतरी म्हणालं पुण्याचं औषध लागू पडलं, कुणी म्हणालं जानुबाई पावली. मी दुकानात जाऊ लागलो. दादाने मला काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साडेदहाला तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात चहाला यायचा, दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे. जत्रेचा मान पुढच्या वर्षी त्याने केला, त्याच्या पुढच्या वर्षी मला करायला लावला. असं आलटून पालटून चार वर्षं चाललं. सांगायचं माझ्या मनात होतं. पण दर वेळी चहा येत होता.

दादा गेल्यावर, दहावा झाला त्या दिवशी, सगळे पांगल्यावर मी वहिनीजवळ बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"वहिनी, दादाला एक सांगायचं राहिलं," मी म्हणालो. "ती माझी गाठ चरबीची होती. मला आठव्या दिवशीच कळलं होतं. मी गप बसलो."

वहिनीने एक खडा काढून बाजूला टाकला.

"त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं होतं," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तुमच्याकडनं फोटू बगून आले ते हसत हसत आले. मला म्हनले, गेन्याच्या आतड्यात चरबी झालीया. पिवळी, गुळगुळीत. वाईट गाठ अशी नसती, म्हनले. आन् ह्यो खाटीक असून भिऊन पडलाय."

"मग रोज डबा घेऊन का यायचा?"

"यायला बारा वर्सं कारण घावत नव्हतं, भावजी. त्ये घावलं." तिने सूप हलवलं. "मला बजावलं, त्याला कुणी सांगू नगा, न्हाईतर उद्या उठून दुकानात जाऊन बसंल. पुण्यास्नं दुसऱ्यांदा जाऊन आलासा तरी तुमी काय उठंनासा. तवा म्हनले, गेन्याला बी कळलंय वाटतं."

"आणि मान?"

"थोरल्यानं धाकट्याला मान द्यायाचा तर गावाला काय तरी सांगावं लागतं. असाच कसा देतील?"

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने मीही सुपातले खडे काढू लागलो.

गाठ अजून आहे. दोन वर्षांपूर्वी नितीनने परत बघून घेतली. होती तेवढीच आहे. आता मला कागदावरचं माझं नाव वाचता येतं आणि फोटोही बघवतो. पिवळी आहे, गुळगुळीत आहे. उन्हात हात लांब करून बघितला तर कुणाही खाटकाला कळेल.

सुरा माझ्याकडे आहे.

माझा थोरला भाऊ म्हसू अकरा ऑगस्ट दोन हजार चौदाला, सोमवारी सकाळी, बसल्या जागी छातीत कळ येऊन वारला. श्रावणातला सोमवार होता. दुकानं बंद होती, कुणाची खोटी झाली नाही.